पाचवा रकाना

"मी रुसते, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. वाचनालयाचं दार मी नुकतंच उघडलं होतं. एका हातात किल्ल्यांचा जुडगा होता, दुसऱ्या हातात फोनचा रिसीव्हर. पलीकडे इंदूताई म्हमाणे होत्या. वय बहात्तर, कार्ड क्रमांक दोनशे सहा, आवड ऐतिहासिक कादंबऱ्यांची.

"मी असं कधी म्हणालो, इंदूताई?"

"म्हणाला नाहीत. लिहून पाठवलंय. थांबा, वाचते. 'सप्रेम नमस्कार. आपण नेलेले पुस्तक, पानांना हळदीचे डाग पाडतात, सांगितल्यास रुसतात, परत करण्याची मुदत संपली आहे. कृपया लवकर आणून द्यावे.' असलं पुस्तक मी कधी नेलं हो?"

मधलं वाक्य माझंच होतं, शब्दन् शब्द. पण ते मी इंदूताईंना लिहिलेलं नव्हतं.

"आता गप्प का? जाऊ दे. मी नाही यायची यापुढं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. म्हणजे त्या रुसल्या.

रिसीव्हर खाली ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा घंटा वाजली. या वेळी वकील बिराजदार. "बारबोले, रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचणं हा गुन्हा आहे का? असला तर कलम सांगा, मी हजर होतो." ते निदान हसत तरी होते. त्यानंतर आणखी दोघांचे फोन आले. त्यांतले एक हसत नव्हते.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची, सोलापूरची. ती मला नीट सांगता येईल की नाही, याची शंका आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळत आलो. स्वतः लिहिलं ते फक्त नोंदवहीत, आणि त्या नोंदवहीनंच घोळ केला.

जुन्या पेठेतल्या त्या वाचनालयात मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावरही रोज जात होतो, कारण दुसरीकडे जायला कुठं नव्हतं. आमच्या सभासदांच्या नोंदवहीत 'शेरा' नावाचा एक रकाना होता. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी मला टेबल सोपवताना एकच गोष्ट बजावली होती. तो रकाना रिकामा ठेवायचा नाही. आपण उद्या नसलो तर या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला वाचक कळला पाहिजे. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या नावापुढं एक-दोन वाक्यं लिहीत आलो. कोणाला मोठ्या अक्षरांचं पुस्तक लागतं, कोण जाड ग्रंथ नेतो आणि पानं न उलटता परत आणतो, कोणाची बायको नुकतीच वारली आहे म्हणून त्याला महिनाभर आठवण पाठवू नये. तोंडानं मला माणसांशी बोलता येत नाही. वहीत मात्र मी त्यांच्याबद्दल बरंच बोलत असे.

मुदत संपलेल्या पुस्तकांची आठवण मी आधी पोस्टकार्डावर लिहायचो. मग मोबाइलवर, एका बोटानं, एकेकाला. त्या वर्षी शैलजा हत्तुरे वाचनालयाच्या कार्यवाह झाल्या. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. आवाज मोठा, चाल भरभर. त्यांनी दोन दिवस माझं ते एका बोटाचं काम बघितलं आणि तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून समोर बसल्या.

"बारबोले, पन्नास जणांना तुम्ही तेच वाक्य लिहिता. फक्त नाव आणि पुस्तक बदलतं. हे माणसाचं काम नव्हे."

"सवय आहे."

"सवय सोडा. इंटरनेटवर आता असल्या कामाच्या सेवा मिळतात. बघा."

त्यांनी संगणकावर दाखवलं. पडद्यावर डावीकडे एक चौकोन होता, उजवीकडे एक, आणि मधे बाण. डावीकडं आमच्या सभासदांची यादी, उजवीकडं फोनवर जाणारा निरोप. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता ती सेवा आपणहून यादी उघडणार, कोणाची तारीख उलटून गेली ते बघणार आणि ज्याच्या त्याच्या फोनवर निरोप टाकणार. कोणी तिथं बसायला नको, कोणी बोट उचलायला नको. मला ते खरं वाटेना. पण शैलजाताईंपुढं शंका काढायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी फक्त निरोपाचा मजकूर लिहून दिला आणि 'सप्रेम नमस्कार' ठेवायला सांगितलं.

यादी टंकायचं काम माझं. अडीच महिने लागले. शैलजाताईंनी रकाने आखून दिले होते. कार्ड, नाव, पत्ता, फोन, पुस्तक, तारीख. त्या म्हणाल्या होत्या, "एवढेच पुरेत." मी शेवटी सातवा रकाना शेऱ्याचा जोडला आणि चौतीस वर्षांचे शेरे त्यात उतरवून काढले. तो रकाना गाळायचा म्हणजे वहीतली पानं फाडल्यासारखं वाटलं.

पहिला निरोप सोमवारी जायचा होता. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी एकटाच जाऊन यादी तपासत बसलो. स्वतःच्या कामावर माझा कधीच भरवसा नसतो. तपासताना मला दिसलं की यादीतले रकाने वहीसारखे नाहीत. वहीत शेरा पाचवा असतो, वाचकाच्या नाव-पत्त्याला लागून. पुस्तक सगळ्यांत शेवटी, कारण ते बदलत राहतं आणि त्याला मोकळी जागा लागते. मग मी यादी वहीप्रमाणं लावली. शेरा पाचवा केला, पुस्तक सातवं. सगळं जागच्या जागी आलेलं बघून समाधान वाटलं, दार लावलं आणि घरी आलो.

त्या सेवेला पुस्तक म्हणजे काय, शेरा म्हणजे काय, हे ठाऊक नव्हतं. पाचव्या रकान्यात जे असेल ते पुस्तकाचं नाव, एवढंच तिला शिकवलेलं होतं.

हे मला सोमवारी शैलजाताईंनी सांगितलं. माझा फोन गेल्यावर त्या पंधरा मिनिटांत रिक्षानं आल्या. आल्या आल्या संगणकापुढं बसल्या, एक कळ दाबून सेवा थांबवली आणि काय काय गेलं ते बघू लागल्या.

"एकसष्ट निरोप गेलेत."

"परत घेता येतील?"

"बंदुकीतून सुटलेली गोळी परत घेतात का? अगंबाई! हे बघा. 'आपण नेलेले पुस्तक, स्वतः वाचत नाहीत, सुनेसाठी नेतात पण कबूल करत नाहीत.'" त्या डोळे पुसत हसायला लागल्या. "बारबोले, तुम्ही एवढे बेरकी आहात हे मला माहीत नव्हतं. माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

"तुमची मुदत संपलेली नाही."

"सुटले." त्या पुढं वाचत गेल्या, हसत गेल्या. मग हसणं एकदम थांबलं. "कार्ड अकराशे सत्तेचाळीस. हे काय आहे?"

मला पडद्याकडं बघायची गरज नव्हती.

'सप्रेम नमस्कार, सौ. मंगल सुरवसे. आपण नेलेले पुस्तक, कार्ड पत्नीचे, पती रोज दहा ते सहा वाचनकक्षात बसतात, नोकरी सुटलेली दिसते, घरी माहीत नसावे, काही विचारू नये, परत करण्याची मुदत संपली आहे. कृपया लवकर आणून द्यावे.'

"अहो, हा फोन कोणाचा?" शैलजाताईंनी विचारलं.

"कार्डावरचा. म्हणजे त्यांच्या बायकोचा."

अरविंद सुरवसे आठ महिन्यांपूर्वी आले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. बायकोनं काही वर्षांपूर्वी काढलेलं कौटुंबिक कार्ड त्यांनी पुढं केलं, हिशेबनिसाच्या परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक घेतलं आणि वाचनकक्षात जाऊन बसले. तेव्हापासून रोज तसंच. पुस्तक कधी घरी नेलं नाही, संध्याकाळी कपाटावर ठेवून जात. पहिल्या दिवशी ते कार्डावर चढलं होतं आणि परत केल्याची नोंद झालीच नाही, म्हणून ते कागदोपत्री मुदत संपलेलं. मी त्यांना ते कधी बोललो नाही. आठ महिन्यांत आमच्यात 'नमस्कार'पलीकडं शब्द झाला नव्हता.

शैलजाताई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "निरोप पोहोचलाय. पण वाचलेला दिसत नाही. वाचला की इथं निळी खूण येते."

"मग?"

"मग काय? ते आत्ता येतील. त्यांना सांगा."

"मी?"

"नाहीतर कोण? शेरा तुम्ही लिहिलात, रकाने तुम्ही हलवले."

तेवढ्यात दहा वाजले आणि सुरवसे आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, हातात डबा. मला नमस्कार केला आणि नेहमीच्या टेबलाशी जाऊन बसले. मी एकदा त्यांच्या टेबलापर्यंत गेलो आणि तिथली कालची वर्तमानपत्रं उचलून परत आलो. दुसऱ्यांदा गेलो आणि पंख्याचा वेग कमी केला. शैलजाताई काउंटरमागून माझ्याकडं बघत होत्या. तिसऱ्यांदा मात्र मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसलो.

"सुरवसे साहेब, माझ्या हातून एक चूक झालीय."

त्यांनी पुस्तकातून मान वर केली. मी सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही. आधी रकान्यांचं सांगितलं, मग सेवेचं, आणि मुख्य गोष्ट सगळ्यात शेवटी. शेवटी तर मला ते बोलवेना. निरोप कागदावर उतरवून आणला होता, तो त्यांच्यापुढं सरकवला.

त्यांनी तो दोनदा वाचला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"डब्यावरून."

"डब्यावरून?"

"इथं बसणारे लोक भूक लागली की खातात. तुम्ही बरोबर साडेबाराला डबा उघडता आणि एकला हात धुता. एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. कारखान्यात भोंगा असतो, इथं नाही."

ते कसनुसं हसले. "एकवीस वर्षं भोंग्यावर जेवलो, सर." मग हसणं ओसरलं. "म्हणजे आठ महिने तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि काही बोलला नाहीत."

"तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं."

हे मी म्हणालो खरं. पण तेव्हाच मनात आलं की हे पुरतं खरं नाही. अवघडल्यासारखं मला झालं असतं.

"मंगल आत्ता महिला मंडळात असेल," सुरवसे म्हणाले. "शिवणाचा वर्ग घेते, दहा ते साडेबारा. फोन पिशवीत असतो. वर्ग सुटला की बघते." त्यांनी घड्याळ पाहिलं. "सर, एक काम करा. तुम्ही तिला फोन करा. म्हणा, हा दुसऱ्या कोणाचा शेरा होता, यंत्राच्या चुकीनं तुमच्याकडं आला. आणखी साठ जणांना उलटंसुलटं गेलंच आहे की. पटेल तिला."

"तुम्हीच सांगितलंत तर? ती वाचायच्या आत?"

"काय सांगू? आठ महिने रोज सकाळी ती भाकरी थापते, मी 'येतो गं' म्हणून निघतो. संध्याकाळी ती विचारते, 'आज काम फार होतं का?' मी म्हणतो, 'होतं.' आता यातलं काय सांगू?" त्यांचा आवाज चढला, तसा वर्तमानपत्र वाचणाऱ्या एकानं मान वळवून बघितलं. ते पुन्हा हळू बोलायला लागले. "परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. ती झाली की कुठंतरी नोकरी लागेल. मग सांगणारच आहे. एवढा महिना निभावून न्या, सर. तुमच्यावर विश्वास ठेवेल ती. तुमच्यावर सगळे ठेवतात."

त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. मला कोणालाच जमत नाही.

काउंटरपाशी आलो आणि शैलजाताईंना सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या.

"तुम्ही? खोटं बोलणार? तुमचं तर खरं बोलतानाही त-त-प-प होतं."

"लिहून घेतो."

"लिहून घ्या, पाठ करा, देव पाण्यात घाला. माझं ऐकाल तर या फंदात पडू नका. नवरा-बायकोचं आहे, त्यांचं त्यांना बघू दे."

"चूक माझी आहे."

"म्हणून त्यावर दुसरी चढवायची?"

फोन करायचा म्हटलं की मी वाक्यं आधी कागदावर मांडून घेतो, ही माझी जुनी खोड. त्या दिवशी चार वाक्यं लिहिली. एक खोडून पुन्हा लिहिलं. 'आमच्या संगणकात बिघाड झाल्यामुळे दुसऱ्या सभासदाची नोंद आपल्या नावाने गेली. आपले पती आमच्या वाचनालयात येत नाहीत. झालेल्या मनस्तापाबद्दल क्षमस्व. निरोप कृपया पुसून टाकावा.' वाचून पाहिलं. भाषा शुद्ध होती.

साडेबारापर्यंतचे दोन तास कसे गेले, सांगता येत नाही. इंदूताईंचा पुन्हा फोन आला आणि पानांना हळद लागते ती हळदीचं दूध प्यायल्यानं, स्वयंपाकानं नव्हे, असं त्यांनी ऐकवलं. शैलजाताई पडद्यासमोरून हलल्या नाहीत. सुरवसे पुस्तक उघडं ठेवून एकाच पानावर होते. त्या दिवशी साडेबाराला त्यांनी डबा उघडला नाही. ते उठून काउंटरपाशी येऊन उभे राहिले.

बारा पस्तीसला शैलजाताई म्हणाल्या, "निळी झाली."

मी रिसीव्हर उचलणार, एवढ्यात घंटाच वाजली.

"वाचनालय का?" बाईचा आवाज होता. आवाजात धाप होती, जिना चढून आल्यासारखी. "मी मंगल सुरवसे बोलते. बारबोले सर आहेत का?"

"मीच बोलतोय." मी कागद जवळ ओढला. सुरवसेंनी काउंटरची कड धरली होती.

"सर, मला आत्ता तुमच्याकडनं एक निरोप आलाय—"

तिला पुढं बोलू न देता मी वाचायला सुरुवात केली. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "आमच्या संगणकात बिघाड झाल्यामुळे दुसऱ्या सभासदाची नोंद आपल्या नावाने गेली. आपले पती आमच्या वाचनालयात येत नाहीत."

पलीकडं शांतता पसरली. मला वाटलं, पटलं. सुरवसेंकडं बघून मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले.

"येत नाहीत?" ती म्हणाली.

"नाही."

"नक्की, सर? उंच आहेत, डोक्यावर केस कमी, हातात निळ्या झाकणाचा डबा असतो. तुम्ही बघितलं तर असेल?"

"नाही. ते इथं येत नाहीत."

"मग कुठं असतात हो?"

मी कागदावरची चारही वाक्यं पुन्हा पाहिली.

"नोकरी गेलेली मला माहीत आहे, सर," ती म्हणाली. आता आवाज फुटत होता, पण शब्द नीट येत होते. "पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. पूर्वी पगार कधी सातला, कधी दहाला व्हायचा. एकदा तर वीस तारीख उजाडली होती. आता दर एक तारखेला, सकाळी नऊ वाजता, माझ्या खात्यात. मिनिट चुकत नाही. त्यांनी आपल्याच शिलकीतलं काहीतरी फोनवर लावून ठेवलंय, आपोआप जायला. असा पगार कुठल्या कारखान्यात होतो?"

सुरवसेंच्या टेबलावर निळ्या झाकणाचा डबा तसाच बंद होता.

"मी विचारलं नाही. म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील, घरी बसवून त्यांची मान कशाला खाली घालायला लावू. पण दिवसभर जातात कुठं, हे कळत नव्हतं. रोज डबा भरून देते आणि सहा वाजेपर्यंत... स्टेशनाकडनं कोणी बोलावणं घेऊन येईल का, तळ्याकडनं येईल का, हेच. वर्गात मुली टाके दाखवत असतात, माझं लक्ष दाराकडं. आणि आत्ता तुमचा निरोप वाचला. वाचनकक्षात बसतात. पुस्तकांत बसतात. मी तिथंच जिन्यात खाली बसले, सर. आठ महिन्यांत पहिल्यांदा..." ती थांबली. "आणि तुम्ही म्हणता, ते दुसरंच कोणीतरी आहे. मग माझा माणूस कुठं आहे?"

सुरवसेंना तिचं बोलणं ऐकू जात नव्हतं. ते फक्त माझ्या तोंडाकडं बघत होते. मी पुढचं वाक्य म्हणावं म्हणून त्यांनी बोटानं कागदावरची तिसरी ओळ दाखवली. क्षमस्वची.

शैलजाताईंनी उठून तो कागद माझ्यापुढून काढून घेतला. कशासाठी, कोण जाणे. त्यांनाही काही ऐकू गेलं नव्हतं. माझा चेहरा त्यांना दिसला असेल.

"बाई," मी म्हणालो, आणि हे मी कुठं लिहून घेतलेलं नव्हतं, "मी खोटं बोललो. ते इथंच आहेत. रोज असतात. माझ्यासमोर उभे आहेत."

सुरवसे मागं सरले. मी रिसीव्हर त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. रागानं त्यांचा चेहरा काळवंडला होता. माणूस फसवला गेला की जसा बघतो, तसे ते माझ्याकडं बघत होते, आणि तसं बघायचा त्यांना हक्क होता.

"घ्या," मी म्हणालो.

"सर, मी तुमच्या पाया पडलो असतो—"

"त्यांना माहीत आहे. पहिल्या महिन्यापासून. फक्त तुम्ही कुठं असता, ते माहीत नव्हतं. जिवंत परत याल की नाही, हे माहीत नव्हतं. घ्या."

आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी वाचनालयात कधी बोललो नव्हतो. वर्तमानपत्र वाचणारे सगळे वळून बघत होते. रिसीव्हर मी तसाच पुढं धरून ठेवला.

त्यांनी तो घेतला. दोन्ही हातांनी घेतला. कानाला लावला, भिंतीकडं तोंड केलं.

"मंगल, मी," ते म्हणाले.

त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत. मी काउंटरमागून उठून बाहेर यायला हवं होतं, पण उठलो नाही. पंखा फिरत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. भिंतीकडं तोंड केलेल्या त्या माणसाचे खांदे हलत होते आणि रिसीव्हर कानाला घट्ट धरलेला होता. पलीकडंही कोणी बोलत नव्हतं, आणि कोणी फोन ठेवतही नव्हतं.